सोलापुरातून 'कायदा आणि समाज' या विषयावर विद्यार्थ्यांचं नियतकालिक: चालेल का?

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. मी इथंच सोलापुरात कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे, चौथं वर्ष. आमच्या आणि खालच्या वर्गातले काही जण मिळून एक अभ्यासपूर्ण नियतकालिक काढायचं चाललंय. वर्षाला दोन अंक, विषय कायदा आणि समाज. कलमं आणि निवाडे त्यात येतीलच, पण ती कलमं माणसाच्या घरात, कारखान्यात, जातपंचायतीत पोचल्यावर त्यांचं काय होतं, हे आम्हाला लिहायचं आणि लिहून घ्यायचं आहे.

संपादन सगळं विद्यार्थ्यांचं. लेख मागवायचे, लेखकाचं नाव काढून दोन जाणकारांकडून वाचून घ्यायचे, तळटीप न् तळटीप मूळ निवाड्याशी ताडून बघायची, मगच छापायचं. ही पद्धत जुनीच आहे. हार्वर्डचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं नियतकालिक १८८७ पासून निघतंय. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे विद्यार्थी २००५ पासून 'सोशिओ-लीगल रिव्ह्यू' काढतात, त्याचा विषय तर नेमका हाच.

माझे प्रश्न असे: भाषा मराठी ठेवावी की इंग्रजी? विषय सोलापूरचे घ्यावेत की देशभरचे? आणि आम्ही पास होऊन बाहेर पडल्यावर हे टिकणार कसं? वर्गातला एक मित्र सरळ म्हणाला, "कोण वाचणार बे?" त्याला काय उत्तर देऊ?

कडकभाकरी
काढाच. पहिली प्रत माझी. बैठकीला शेंगाचटणी आणि भाकरी माझ्याकडून.

नवीपेठ_वकील
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे दरवर्षी कनिष्ठ म्हणून मुलं-मुली येतात. संशोधन लेखांची प्रमाणपत्रं फाइलभर असतात, पण साधी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायला सांगितली तर हात थरथरतो. कुठल्या तरी नियतकालिकाला पैसे भरायचे, आठ दिवसांत लेख छापून यायचा, बायोडाटात एक ओळ वाढायची. अशी नियतकालिकं गल्लोगल्ली झाली आहेत.

तुमचा हेतू चांगला असेल, पण मला सांगा, लेख लिहून अशिलाचं काय भलं होणार? त्यापेक्षा रोज अकरा वाजता कोर्टात येऊन बसा. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कसा चालतो बघा, उलटतपासणी ऐका. समाज कळायला कोर्टाच्या व्हरांड्यासारखी जागा नाही.

विधीवाचक
वकीलसाहेब, पैसे घेऊन छापणाऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'लेख लिहून काय भलं होणार' हे पटलं नाही.

मथुरा प्रकरण आठवा. १९७२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुलगी ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढता येतो का, एवढाच त्यांचा रोखठोक प्रश्न होता. त्यावरून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर अत्याचार झाला आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, ही तरतूद तिथून आली. सुरुवात कुठून झाली? चार लोकांनी नीट वाचून, नीट विचार करून लिहिलेल्या काही पानांतून.

विद्यार्थी-संपादित अंकांचंच उदाहरण हवं तर तेही आहे. वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख १८९० मध्ये हार्वर्डच्या त्याच अंकांत आला. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या लेखाची दखल घेतली.

नवीपेठ_वकील
ही उदाहरणं मान्य. पण ती माणसं कोण होती आणि आमची दुसऱ्या वर्षाची पोरं कोण.

रोजनामा
मी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांना जोडणारी एक गोष्ट माझ्याकडे आहे.

प्रत्येक प्रकरणात रोजनामा असतो. ज्या तारखेला जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं. 'वादी हजर. प्रतिवादी गैरहजर. साक्षीदारास समन्स बजावले नाही. तहकूब.' पुढची तारीख. पुन्हा तेच. जमिनीच्या वाटपाचा जुना दावा घ्या आणि फक्त रोजनामा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मध्येच एका तारखेला दिसतं, 'वादी मयत, वारस दाखल करणेकामी मुदत.' मग वारसांची नावं. काही वर्षांनी त्यातला एक वारसही मयत. भाऊ-भाऊ भांडत होते, आता चुलतभाऊ भांडतात, आणि मोजणीचा नकाशा अजून आलेला नाही. निकालपत्रात यातलं काहीच दिसत नाही. तिथं फक्त मुद्दे आणि निष्कर्ष असतात.

विलंब का होतो यावर भाषणं पुष्कळ ऐकली. पण एका तालुक्यातल्या निकाली निघालेल्या वाटपाच्या दाव्यांचे रोजनामे घेऊन, कुठली तारीख कशामुळे वाया गेली याची नोंद विद्यार्थ्यांनी केली, तर तो लेख न्यायाधीशसुद्धा मागवून वाचतील. नक्कल विभागात रीतसर अर्ज करा. आता पुष्कळसं ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही तारखेनुसार दिसतं. आणि त्यासाठी वकीलसाहेब म्हणतात तसं कोर्टात येऊन बसावंच लागेल.

कडकभाकरी
काका, हा प्रतिसादच पहिल्या अंकात छापा. वाचनखूण साठवली आहे.

पूर्वभाग_सोलापूर
भीत भीत लिहितेय, कारण मी कायद्याची नाही, बी.कॉम. झाले आहे. आई विड्या करते, आजीही करायची. घरात आम्ही तेलुगू बोलतो.

'कायदा घरात पोचतो तेव्हा काय होतं' हे वाचून थांबले. आमच्या घरात तो लॉगबुकच्या, म्हणजे विडी कामाच्या नोंदवहीच्या, रूपाने पोचतो. पानं भिजत घालायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, मग सुपात घेऊन कारखान्यात जायचं. तिथं तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढतो, 'खराब' म्हणून. मजुरी हजारावर मिळते, आणि काढलेल्या विड्या त्या हजारात धरत नाहीत. पान खराब दिलं असेल तर विडी चांगली कुठून होणार? पण ते लिहायला लॉगबुकात रकानाच नाही. कार्ड आईच्या एकटीच्या नावावर. वळायला मात्र आई, काकू आणि शाळेतून आल्यावर मी. फंड कुणाचा कापला, कुणाचा नाही, हे आम्हाला तेव्हा कधी कळलं नाही.

यावर कुणी लिहिणार असेल तर मी सांगेन. पण ते माझ्या आईला वाचता आलं पाहिजे. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आहे.

विधीवाचक
ताई, तुम्ही भीत भीत लिहिलंत, पण या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे.

कायदेशीर बाजू थोडक्यात मांडतो. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता. घरी बसून विड्या वळणारी बाई ही कामगारच, हे त्याने मानलं. मालकांनी आव्हान दिलं, पण १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पुढे पी. एम. पटेल प्रकरणात घरच्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीही लागू आहे असं ठरलं. तिथला मुद्दा तुमच्या अनुभवाशी थेट जोडलेला आहे: खराब माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचं नियंत्रण आहे, म्हणून ती त्याची कामगार. ज्या 'खराब' शेऱ्याने आईची मजुरी कापली जात होती, त्याच शेऱ्याच्या आधाराने तिला फंडाचा हक्क मिळाला.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांतल्या एकीत विलीन झाला. मग लॉगबुकाचं काय, खराब मालाच्या तक्रारी आता कुणाकडे न्यायच्या, सोलापूरच्या बायकांना यातलं कुणी काय सांगितलं? दिल्लीत बसून हे कुणी लिहिणार नाही. धागाकर्तीने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

सेटलमेंट_फ्री
सोलापूरचेच विषय घ्या, यांना +१. आमच्या वस्तीला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून ही व्यवस्था उभी राहिली. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणात ठेवायची, रोज हजेरी घ्यायची, बाहेर जायला पास. त्याच माणसांना सोलापूरच्या गिरण्यांत कामाला लावलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे येते, हे आमच्या पोरांना विचारा.

सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या कुठल्या शिफारशीचं पुढे काय झालं, यावर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नीट लिहावं. आणि लिहिणाऱ्यांत आमच्या वस्तीतली मुलं असावीत. आमच्यावर लिहून जाणारे खूप आले.

माळरान
उत्तर सोलापूर तालुक्याकडून आणखी एक. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. आधी क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, पुढे कमी करून सुमारे बाराशेवर आणलं. मधल्या काळात ज्यांची शेतं त्या रेषेत होती त्यांना विकायला, बांधायला, रस्त्याला, सगळ्यालाच अडचण. पक्षी वाचलाच पाहिजे, मी त्याच बाजूचा आहे. पण शेतकऱ्याला विश्वासात न घेता नुसता नकाशा काढला तर माळढोकाबद्दल राग तयार होतो, आणि तो आम्ही गावात पाहिलाय.

तळ्याकाठचा
इतिहासही घ्या हो. मे १९३० चा मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. दरवर्षी आपण हार घालतो. पण मार्शल लॉमध्ये साध्या माणसांना कशाकशासाठी शिक्षा झाल्या, पुरावा काय होता, बचावाला वकील मिळाला का, हे कायद्याच्या नजरेनं कुणी मांडलेलं मी तरी वाचलं नाही.

नवीपेठ_वकील
विषयांची यादी बघून मलाही काही सुचलं. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. सोलापूर जिल्हा आता तिकडे. कित्येक वर्षांची मागणी होती. पक्षकाराचा खर्च खरंच कमी झाला का, हे मोजून बघा.

रेल्वेलाइन
कमी? साहेब, सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्री बर्थवर झोपलं की सकाळी मुंबई. कोल्हापूरला जायला बस, नाहीतर आडवळणाची गाडी.

नवीपेठ_वकील
आणि मुंबईत राहायचं कुठं? लॉजचं भाडं कोण देणार? सांगोला-मंगळवेढ्याच्या माणसाला कोल्हापूर केव्हाही सोयीचं.

रेल्वेलाइन
सांगोल्याला सोयीचं, अक्कलकोटला नाही. सोलापूर जिल्हा केवढा मोठा आहे!

बाळीवेसकर
थांबा थांबा, भांडू नका. दोघांनी मिळून लेख लिहा. तालुकावार खर्चाचा तक्ता हवा मात्र.

खिळेजुळारी
छापखान्याच्या धंद्यातला माणूस आहे. सुरुवातीला थोड्याच प्रती छापा, बाकी पीडीएफ फुकट ठेवा. तळटीपा असलेला मराठी मजकूर जुळवणं किचकट काम आहे. सगळ्या लेखकांकडून युनिकोडमध्येच मजकूर घ्या. एकाने जुन्या फाँटात दिला की रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं उडतात. 'धर्म'चा 'धम' झाला तर एक वेळ कळेल, पण कलमाचा आकडा बदलला तर अनर्थ. मुद्रितं दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचायची, त्यातल्या एकाने मोठ्यानं.

सनदीलेखक
नोंदणी वगैरेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

१८६७ चा छापखान्यांचा कायदा जाऊन २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा आला, १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यातल्या नियतकालिकाच्या व्याख्येतून शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नल वगळली आहेत. तुमचं स्वरूप अभ्यासाचंच ठेवा, बातमीपत्र करू नका. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत. 'आयएसएसएन मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तो क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, नुसती ओळख. यूजीसीची केअर यादीही (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणजे आता कुठल्या यादीत शिरण्याची घाई करायचं कारण नाही.

जपायच्या गोष्टी दोन. न्यायालयाचे निवाडे छापायला कॉपीराइटची आडकाठी नाही, पण लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापू नका. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. नाव गाळून गाव, शाळा आणि नातं छापलं तरी ओळख पटतेच. बालकांचंही तसंच. दुसरं, १९७१ च्या अवमान कायद्याचं ५ वं कलम पाठ करा: अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावर रास्त टीका हा अवमान नाही. चालू प्रकरणात मात्र सांभाळून.

माजी_संपादक
मी दुसऱ्या शहरात शिकताना अशाच एका विद्यार्थी-नियतकालिकात काम केलं. टिकण्याबद्दलच्या तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

अंक पैशाअभावी बंद पडत नाहीत. सगळं एकाच हुशार मुख्य संपादकाच्या डोक्यात असतं, आणि ती परीक्षा देऊन निघून जाते तेव्हा बंद पडतात. कोणता लेख कुणाकडे वाचायला दिलाय, कुणी दुरुस्त्या करून पाठवल्या, कुणाला नकार कळवायचा राहिलाय, सगळं तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये. म्हणून पहिल्या दिवसापासून नियतकालिकाचा स्वतंत्र ईमेल आणि एक नोंदवही ठेवा. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं तळटीपा तपासायला घ्या. त्यात शिकायला खूप मिळतं. एका लेखात लेखकाने निवाड्यातलं एक वाक्य न्यायालयाचं मत म्हणून दिलं होतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलीने मूळ निवाडा उघडला, तर ते वाक्य हरलेल्या पक्षाच्या वकिलाच्या युक्तिवादातलं निघालं. लेखक प्राध्यापक होते. त्यांना नम्रपणे कळवलं, त्यांनीही मोकळेपणानं बदललं.

नकार लगेच कळवा, आणि कारण लिहून कळवा. गावाकडच्या कॉलेजातून पहिल्यांदा लिहिणाऱ्या मुलाला 'स्वीकारता येत नाही' एवढीच ओळ गेली तर तो पुन्हा कधी लिहीत नाही. त्याला दोन परिच्छेदांत काय कमी पडलं ते सांगा. हे केलंत तर पाच वर्षांत तुमचे लेखक तुम्हीच घडवलेले असतील.

पुणेरी_परीक्षार्थी
सगळं छान, पण मराठीत काढलंत तर देशात कुणी संदर्भ देणार नाही. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, निवाडे इंग्रजीत. करिअरचा विचार करा.

रोजनामा
जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. बहुतेक लोकांचा कोर्टाशी संबंध तिथंच सुरू होतो आणि तिथंच संपतो. फिर्याद मराठीत, साक्ष मराठीत. त्या कागदांवरचा अभ्यास इंग्रजीत केला तर साक्षीदाराचं म्हणणं अर्धं तिथंच गळतं.

विधीवाचक
पुणेकरांचा मुद्दा खोटा नाही, विद्यार्थ्यांना पुढे अर्ज करायचे असतात. लेख मराठीत आणि सोबत पानभर इंग्रजी सारांश, असं करता येईल. सारांश वाचून ज्याला गरज वाटेल तो अनुवाद करून घेईल. मराठीत विधी-लेखनाची सवयच मोडत चालली आहे. ती पुन्हा लागायची तर कुणीतरी नेमानं अंक काढले पाहिजेत, आणि त्यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्यांइतका योग्य माणूस मला तरी दिसत नाही.

नवीपेठ_वकील
बरं, माझी अट सांगतो. संपादक मंडळातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस कोर्टात बसायचं. ते केलंत तर नाव काढून आलेले लेख मी वाचून देईन. मानधन नको. पण वाईट असेल तर वाईट म्हणणार.

बाळीवेसकर
वकीलकाका, मंजूर! आणि वाईट म्हणणारच हवेत.

काल हिराचंद नेमचंद वाचनालयाजवळ आम्ही सगळे भेटलो, हा धागा सगळ्यांनी वाचला. ठरलं ते असं. भाषा मराठी, सोबत इंग्रजी सारांश. पहिल्या अंकाचा मुख्य विषय विडी कामगार आणि नवी श्रमसंहिता. रोजनामाकाकांनी सुचवलेला वाटपाच्या दाव्यांचा अभ्यास तिसऱ्या वर्षाची मुलं आजपासून सुरू करताहेत, पण तो पहिल्या अंकात होणार नाही, घाई करायची नाही. सेटलमेंट_फ्री, तुमच्या वस्तीतल्या दोघांना तरी संपादक मंडळात घ्यायचंय. कायद्याचेच विद्यार्थी हवेत असं काही नाही, व्यक्तिगत निरोप पाठवते. लेखकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हे पहिल्या पानावर छापणार.

आणि 'कोण वाचणार' म्हणणारा मित्र तळटीपा तपासायला येतोय.

पूर्वभाग_सोलापूर
आईशी बोलले. ती म्हणाली, माझ्या एकटीचं नको, गल्लीतल्या चौघी-पाच जणी बसू, रविवारी दुपारी या. आजीच्या वेळची जुनी लॉगबुकं पण पेटीत आहेत. फोटो काढले तर चालतील का? कारखान्याकडून कुणाला त्रास नको व्हायला.

बाळीवेसकर
ताई, नक्की येतो. तेलुगू बोलणारी आमच्यातली एक जण सोबत असेल. फोटो काढू, पण नाव, कार्ड नंबर आणि कारखान्याचा शिक्का झाकून. छापायच्या आधी मजकूर पाचही जणींना वाचून दाखवू. ज्या ओळीला त्या नको म्हणतील ती निघेल.